कांदा, चप्पल आणि गाबा

फलटणच्या शाखेत मी अधिकारी असताना भर गर्दीत एका खातेदाराला फेफरे आले. कुणी कांदा फोडला, कुणी नाकाशी चप्पल धरली. ती चप्पल माझी होती. खरे तर त्याला नुसते कुशीवर वळवायचे होते.

मेंदूत ‘गाबा’ नावाचे रसायन पेशींची उत्तेजना आवरून धरते. काम झाले की वाहक प्रथिने ते उचलून पुन्हा पेशींत नेतात. ही उचल रोखून गाबा अधिक वेळ टिकवणारे टायगाबिन हे औषध अमेरिकेत १९९७ साली मान्य झाले. गंमत अशी, की त्याच वाहकाच्या जनुकातील दोषामुळे काही मुलांना अपस्मार होतो, हे २०१५ साली दिसून आले. तिजोरीत रोकड कमी पडली तरी पंचाईत, तुंबली तरी पंचाईत. आम्हा बँकवाल्यांना हे नवे नाही. सगळ्या फेफऱ्यांचे मूळ इथेच असते असे नाही. पण देवीचा कोप यात कुठे बसवायचा?

हिंदू विवाह कायद्यातील अटींमधून अपस्मार १९९९ च्या दुरुस्तीने वगळला गेला. आपण मात्र मुलीच्या गोळ्या अजून डाळीच्या डब्यात लपवतो. सासरी गोळी चोरून घ्यावी लागते, म्हणून चुकते. चुकली की झटका परततो. मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांपुढे, पोह्यांच्या बशा येण्याआधी, हा विषय बापानेच काढावा.