ईएमआय भाडेकरू भरेल? जरा थांबा!

दोन-तीन इन्क्रिमेंट्स पदरात पडली की इन्व्हेस्टमेंटचे वेध लागतात. पुण्यात दुसरा फ्लॅट घेणं झेपत नाही, मग गाव आठवतं. तुम्ही मूळचे जुन्नर-आंबेगावचे असाल, तर हा सल्ला एखाद्या लग्नात हमखास ऐकला असेल : ‘नारायणगाव नाहीतर मंचरला वन बीएचके घेऊन टाक. ईएमआय काय, भाडेकरू भरेल!’

आधी कॅल्क्युलेटर काढा. समजा, फ्लॅट सगळ्या खर्चासकट २५ लाखांना पडला. त्यातले २० लाख कर्ज, साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी. हप्ता साधारण १७,३५० रुपये. भाडं धरू ७,०००. म्हणजे दहा हजारांवर रक्कम दरमहा तुमच्याच खिशातून! वर्षात एक महिना फ्लॅट रिकामा राहिला आणि मेंटेनन्स-घरपट्टीत १२,००० गेले, तर उरतात ६५,०००. २५ लाखांवर जेमतेम २.६ टक्के. बँकेची एफडीसुद्धा याहून जास्त देते.

‘पण रेल्वे आली की भाव वाढतीलच ना?’ पुणे-नाशिक रेल्वेचंच बघा. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या कामात व्यत्यय येईल म्हणून आखलेला मार्गच वादात सापडला. तेव्हा उद्याच्या रेल्वेवर नाही, आजच्या भाडेकरूवर हिशोब करा. बदलीवर आलेले बँकवाले, शिक्षक तिथे खरंच काय भाडं देतात, हे ब्रोकरला नाही, त्यांनाच विचारा.

आता कागदपत्रं. ५०० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील, तर प्रोजेक्टला रेरा नोंदणीतून सूट असते. तालुक्याच्या गावात अशा छोट्या बिल्डिंगा भरपूर. म्हणून सातबारा, एनए आणि बांधकाम परवानगी स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्या. भाडेकरू ओळखीचा असला तरी लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करा. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार ती जबाबदारी मालकाची आहे. करार लेखी नसेल आणि वाद झाला, तर भाडेकरू सांगेल त्याच अटी आधी ग्राह्य धरल्या जातात!

शेवटचा प्रश्न स्वतःला विचारा. सहा महिने फ्लॅट रिकामा राहिला, तर हप्ता भरता येईल? उत्तर ‘हो’ असेल, तरच टोकन द्या.