विसार

या सदराचे बहुतेक वाचक शाकाहारी आहेत, हें आम्ही जाणतों. तथापि आम्ही पडलों मालवणकडील सारस्वत. आमच्या पंक्तीस मत्स्यावतार नित्य असावयाचा. ज्या मत्स्यानें मनूस जलप्रलयाची पूर्वसूचना देऊन त्याची नौका तारली, त्याच्याच वंशजांस तुम्ही गळ टाकतां, असा टोमणा आमच्या सूनबाई मारतात. तो मुकाट्यानें ऐकण्याखेरीज आम्हांस गत्यंतर नसतें.

२५ वर्षांहून अधिक काळ पाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारीं आम्ही चौघे शाळासोबती देवबाग येथें जमत असूं: एक वकील, एक पोस्टमास्तर, एक दुकानदार आणि चौथे आम्ही. एका अंगास कर्ली नदी, दुसऱ्या अंगास समुद्र आणि मध्यें माडांची चिंचोळी पट्टी, असें हें गांव. एका ओळखीच्या तांडेलाची होडी दिवसभर भाड्यानें घ्यावयाची आणि खाडीच्या मुखापाशीं नांगर टाकून, कोळंबीचें आमिष लावून गरवीत बसावयाचें, हा आमचा कुळाचार. तांबोशी लागली तर दिवाळी. शिंगाळा लागला तर त्याच्या विषारी कांट्याला भिऊन दोरी तांडेलाच्या हातीं!

२०२० सालीं पाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवशीं देशभर टाळेबंदी सुरू झाली. तो रविवार घरांतच गेला. पुढें १० एप्रिलला केंद्र सरकारनें मासेमारीस निर्बंधांतून सूट दिली, तेव्हां वकीलसाहेबांचा फोन आला. ‘मास्तर, गळानें मासा धरणें ही मासेमारी नव्हे, असें कोणतें न्यायालय म्हणेल?’ पोस्टमास्तरांनीं युक्तिवाद केला नाहीं. ते एवढेंच म्हणाले, ‘पुढच्या वर्षाची हमी कोणीं द्यावी? जाऊं या.’ खरें सांगावयाचें तर आमचेंही मन डळमळलें. पस्तीस वर्षें मुलांना नियमाचा अर्थ शिकविणारे आम्ही, नियमांतली फट शोधूं लागलों.

आम्हीं तांडेलास विचारलें. तो क्षणभर थांबून म्हणाला, ‘मास्तरानू, तुमी येतलास तर माका नाय म्हणूक येवचा नाय. पण घराक म्हातारी आवस आसा.’

त्या दोन वाक्यांत सगळा कायदा आला. सूट होती ती ज्यांची चूल समुद्राच्या जिवावर पेटते त्यांच्यासाठीं. आमच्या हौसेसाठीं नव्हे. शिवाय ज्याला ‘नाहीं’ म्हणवत नाहीं, त्याच्यापाशीं केलेली विनंती ही विनंती राहत नाहीं. ती आज्ञा होते.

बेत मोडला. पोस्टमास्तर रुसले, आठ दिवस बोलले नाहींत. त्या दिवसांत मासळी मिळाली तरी ती बाजारांत नेणें कठीण, आणि पर्यटक तर नाहींतच, अशी किनाऱ्याची दशा होती. म्हणून नेहमींचें भाडें आम्हीं तांडेलाकडे धाडलें. दान म्हणून तो तें घेईना. अखेर पुढल्या फेरीचा विसार म्हणून त्यानें ठेवून घेतलें.

२०२१ चा पाडवा १३ एप्रिलचा. त्याच रात्रीं राज्यांत पुन्हां कडक निर्बंधांची घोषणा झाली. मे महिन्यांत पोस्टमास्तर गेले. अंत्यदर्शनासही आम्हांस जातां आलें नाहीं.

२०२२ सालीं निर्बंध उठले आणि ३ एप्रिलच्या रविवारीं आम्ही तिघे देवबागला गेलों. तांडेलानें सवयीनें चार दोऱ्या काढून ठेवल्या होत्या. आमच्याकडे पाहून त्यानें एक परत गुंडाळली. कोणीं कांहीं बोललें नाहीं. दिवसभरांत हातीं आली ती एकच तांबोशी. संध्याकाळीं भाडें पुढें केलें, तर तांडेल म्हणाला, ‘विसार दिलेलो आसा.’ अंगणांत त्याची आई बसली होती. आम्हांस ओळखून ती रागावूनच म्हणाली, ‘दोन वर्सां खंय होतास?’

आम्हीं उत्तर दिलें नाहीं. प्रश्न विचारावयास म्हातारी अंगणांत होती, एवढें आम्हांस पुरे झालें. पोस्टमास्तरांचें म्हणणें खरें ठरलें, आणि आमचा नकार चुकला असेंही वाटत नाहीं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असूं शकतात, हें आम्हांस पुष्कळ उशिरा कळलें.

वाचकहो, त्या दोन वर्षांत आपल्या घरच्याही कांहीं भेटी राहून गेल्या असतील. ज्यांच्या राहिल्या तीं माणसें असतील, तर येत्या पाडव्याची वाट न पाहतां जाऊन या.