बोटं हलतात, म्हणून हाड शाबूत?

मूल मैदानावर पडतं, हात धरून रडत घरी येतं. घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं, ‘बोटं हलव बघू!’ बोटं हलली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मग हळदीचा लेप, तेलाची मालिश आणि ‘सकाळपर्यंत वाटेल बरं’. मैत्रिणींनो, या समजुतीला आता रजा द्यायलाच हवी. हाड मोडलं तरी बोटं हलू शकतात.

पडताना मूल हात पुढे टेकवतं, सगळा भार मनगटावर येतो. वाळकी काटकी कटकन मोडते, ओली फांदी मात्र वाकते आणि एका बाजूनं चिरते. मुलांचं हाड तसंच. हात वाकडा दिसत नाही, सूजही बेताचीच. शिवाय हाडाच्या टोकाजवळ वाढीची कूर्चा असते. तिथला मार पहिल्या एक्स-रेत दिसेलच असं नाही. म्हणूनच डॉक्टरांनी काही दिवसांनी परत बोलावलं, तर ‘पैसे काढायची कामं’ म्हणून टाळू नका.

आपण काय बघायचं? एकाच जागी बोट लावलं तरी मूल कळवळतं का, त्या हातानं दप्तर उचलायचं टाळतं का, मूठ वळताना एक बोट दुसऱ्यावर चढतं का. यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांकडे जायचं. बोटं गार, पांढरी-निळसर किंवा बधिर पडली, तर एक मिनिटही थांबू नका. तोवर बांगडी, कडं काढा, घडी केलेल्या वर्तमानपत्राचा आधार द्या आणि ओढणीच्या झोळीत हात ठेवा. मालिश नको, ओढाताण नको. घट्ट बांधलेल्या बांबूच्या पट्ट्यांनी रक्तपुरवठा तुटून हात गमावायची वेळ येऊ शकते.

खरी अडचण पुढेच आहे. ‘हे आले की बघू’, ‘सासूबाई काय म्हणतील?’ यात रात्र जाते. पोराचा हात दुखतोय हे ज्या आईला कळतं, तिला रिक्षा बोलवायला कुणाची परवानगी कशाला हवी?

आणि एक. ‘कुणी सांगितलं होतं उड्या मारायला?’ असं ओरडलात, तर पुढच्या वेळी मूल दुखणं लपवेल. मुलगी असेल तर ‘आता खेळणं बंद’ हेही ठरलेलंच. अहो, साध्या मोडीचं हाड बहुधा काही आठवड्यांत जुळतं. पोरीचं बंद केलेलं मैदान मात्र सहसा पुन्हा उघडत नाही.