नानाभाऊंनी कोणती खुर्ची सोडली, आणि तिचं पुढं काय झालं?

अर्जुनी मोरगाव : मराठीत दोन्ही पदांना 'अध्यक्ष'च म्हणतात. एक विधानसभेचा, दुसरा पक्षाचा. पण दोन्ही खुर्च्यांच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रतापगडपासून साकोलीपर्यंत ज्यांना सगळे ओळखतात, त्या नाना पटोलेंनी यातली एक सोडून दुसरी घेतली. त्या निर्णयाचा हिशोब आजही पारावर निघतो.

पटोले 2014 मध्ये भंडारा-गोंदियाचे खासदार झाले. डिसेंबर 2017 मध्ये त्यांनी भाजपच्या धोरणांवर नाराज होऊन खासदारकी सोडली. 2018 ला इथं पोटनिवडणूक लागली. 2019 मध्ये ते साकोलीतून काँग्रेसचे आमदार झाले आणि 1 डिसेंबर 2019 ला बिनविरोध विधानसभा अध्यक्ष. झाडीपट्टीच्या वाट्याला एवढं मोठं पद क्वचितच येतं.

पण ही खुर्ची मानाची तशी बंधनाचीही. अध्यक्षानं सभा चालवायची, स्वतः भांडायचं नाही. मतही फक्त समसमान झालं तरच. धानाच्या बोनससाठी आवाज चढवायची सवय असलेल्या नेत्याला हे किती मानवणार? 4 फेब्रुवारी 2021 ला त्यांनी राजीनामा दिला आणि दुसऱ्याच दिवशी प्रदेशाध्यक्ष म्हणून त्यांचं नाव जाहीर झालं.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. आघाडीच्या तीन पक्षांना नवा अध्यक्ष बसवता आला नाही. निवड गुप्त मतदानानं नको म्हणून नियम बदलले, तर राज्यपालांशी वाद झाला. खुर्ची जवळपास 17 महिने रिकामी राहिली. कारभार उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ पाहत होते.

जून 2022 मध्ये एकनाथ शिंदेंचं बंड झालं. पक्षांतराच्या प्रकरणात आमदार पात्र की अपात्र, हे ठरवायचा अधिकार याच खुर्चीला असतो. झिरवाळांनी 16 आमदारांना नोटिसा दिल्या. बंडखोरांनी त्यांनाच हटवायची नोटीस पुढं केली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, उत्तराची मुदत वाढली आणि 29 जूनला उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला. 3 जुलैला राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले. आमदारांचा निकाल त्यांनीच 10 जानेवारी 2024 ला दिला. कोणीही अपात्र ठरलं नाही.

पटोले खुर्चीवर असते तर सरकार वाचलं असतं का? हे छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही. बहुमत गेलं की अध्यक्ष किती धरून ठेवणार! आणि खुर्ची भरायची जबाबदारी एकट्या पटोलेंची नव्हती, तिन्ही पक्षांची होती.

पक्षाच्या बाजूनं पाहिलं तर लोकसभा 2024 ला काँग्रेस राज्यात 1 वरून 13 जागांवर गेली, भंडारा-गोंदियाही जिंकली. सहाच महिन्यांत विधानसभेला मात्र 44 वरून 16 वर आली. स्वतः पटोले साकोलीत फक्त 208 मतांनी वाचले. फेब्रुवारी 2025 मध्ये प्रदेशाध्यक्षपद हर्षवर्धन सपकाळांकडे गेलं.

म्हणजे शेवटी दोन्ही अध्यक्षपदं गेली, आमदारकी राहिली. गावातही सरपंचकी सोडून पक्षाचं पद घेणारे असतात. त्यात गैर काही नाही. पण उठण्याआधी त्या जागी कोण बसणार, हे ठरलेलं असावं. रिकाम्या खुर्चीची किंमत सोडणाऱ्यापेक्षा मागं राहिलेल्यांनाच जास्त मोजावी लागते.