ठपका ठेवण्याआधी साल पाहा

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या जर्मन विमानांचा विषय निघाला की निकाल आधीच तयार असतो: ती सगळी बुरख्याआडची लढाऊ विमानं होती. व्हर्सायच्या तहाने हवाई दल ठेवायला बंदी घातली, म्हणून जर्मनांनी बॉम्बफेकी विमानाला प्रवासी विमान म्हटलं, हवाई दलाच्या शाळेला उड्डाण क्लब म्हटलं आणि वेळ येताच बुरखा फेकून दिला. मराठीत दुसऱ्या महायुद्धावर भरपूर वाचलं जातं. त्या वाचनात हा समज इतका मुरला आहे की त्याला पुरावा मागायचं कुणाच्या मनातही येत नाही. माझ्या मते हा समज चुकीचा तर आहेच, शिवाय काही माणसांवर आणि त्यांच्या कामावर तो उघड अन्याय करतो.

पूर्वपक्ष लेचापेचा नाही. १९३६च्या जानेवारीत बर्लिनच्या टेंपलहोफ विमानतळावर हाइंकेल १११ हे दहा उतारूंचं प्रवासी विमान म्हणून दाखवण्यात आलं. त्यातली धूम्रपान करणाऱ्या चौघांची जागा नेमकी तिथे होती, जिथे बॉम्ब ठेवायचे. युंकर्स ५२ने स्पेनच्या यादवी युद्धात बॉम्ब टाकले. लुफ्त हान्सा या विमान कंपनीचा संचालक एरहार्ट मिल्ख १९३३मध्ये थेट गोअरिंगच्या हवाई मंत्रालयात सचिव होऊन बसला. ब्यूकर युंगमान या दोन आसनी, दुपंखी विमानावर हवाई दलाच्या हजारो पोरांनी उड्डाणाची धुळाक्षरं गिरवली. यातलं एकही विधान मी नाकारत नाही.

पण यातल्या प्रत्येक गोष्टीचं साल पाहा. सगळा पुरावा १९३३पासूनचा आणि निकाल मात्र १९१९पासूनच्या सगळ्यांवर! ही वडाची साल पिंपळाला लावण्याची गत झाली.

सुरुवात जिथून व्हायला हवी ते विमान म्हणजे युंकर्स एफ १३. डेसाऊला त्याचं पहिलं उड्डाण झालं २५ जून १९१९ला. व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या २८ जूनला, म्हणजे तीन दिवसांनी. जो तह अजून झालाच नव्हता, त्याला चुकवण्यासाठी हे विमान आखलं गेलं असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. वस्तुस्थिती अशी की युद्धातल्या एका विमानात फेरफार करून उतारू बसवण्याचा विचार हुगो युंकर्सच्या कारखान्यात आधी झाला होता. तो सोडून देऊन ओटो रॉयटर या अभियंत्याने नवंकोरं विमान कागदावर उतरवलं. सगळा सांगाडा धातूचा, वर ड्युरॅल्युमिनचा पन्हाळीदार पत्रा. पंख खालच्या अंगाला आणि पूर्णपणे स्वतःच्या बळावर पेललेले, कुठे ताणाची तार नाही की टेकू नाही. आत बंद खोली, चार उतारूंना गादीच्या खुर्च्या, कमरेला पट्टे. चाकं काढून घसरपट्ट्या लावल्या की बर्फावर उतरायचं, तरंडे लावले की पाण्यावर. तीनशेहून अधिक विमानं बांधली गेली आणि कोलंबियातल्या नद्यांपासून युरोपातल्या हवाई मार्गांपर्यंत ती वर्षानुवर्षं उडाली.

त्याच वेळी जेत्यांकडे काय चाललं होतं? लंडन-पॅरिस मार्गावर इंग्रजांची डी. एच. ४ए उडत होती, ती युद्धातल्या बॉम्बफेकी विमानाची डागडुजी होती. हँडली पेजची प्रवासी विमानंही त्याच वंशातली. फ्रेंचांचं फारमन गोलियाथ तर मुळात बॉम्बफेकी म्हणूनच आखलेलं. म्हणजे बॉम्बच्या जागी उतारू बसवण्याचं काम त्या वर्षांत जेत्यांनी केलं, आणि केवळ उतारूंसाठी जन्मलेलं धातूचं विमान पराभूतांकडे होतं. आरोप करणाऱ्यांनी हे चित्र एकदा नीट पाहावं अशी माझी विनंती आहे.

क्रीडाविमानांचं प्रकरण आणखी स्पष्ट आहे. १९२२ ते १९२६ या काळात जर्मन विमानांवर दोस्तांचे कडक निर्बंध होते: ताशी १७० कि.मी.च्या वर वेग नको, ४००० मीटरच्या वर उंची नको, एकआसनी विमानाला ६० अश्वशक्तीहून मोठं इंजिन नको. या जाचातूनच हलक्या विमानांची कल्पना निघाली असं काही जण कौतुकाने सांगतात. तेही मला अर्धवट वाटतं. इंग्लंडवर कसलाही निर्बंध नसताना १९२५मध्ये डी हॅविलंड मॉथ तिथे निघालंच होतं. सामान्य माणसाच्या खिशाला झेपेल असं विमान ही त्या दशकाची सगळीकडचीच ओढ होती.

ती ओढ जर्मनीत हान्स क्लेमने ओळखली. ब्योब्लिंगेनच्या या माणसाचं एल २० हे लाकडी विमान अवघ्या २० अश्वशक्तीच्या इंजिनावर उडायचं. २० अश्वशक्ती! आज आपल्या रस्त्यावरच्या कितीतरी मोटरसायकली याहून ताकदवान आहेत. ते घेऊन कोनिग-वार्टहाउझेन नावाचा बावीस वर्षांचा तरुण १९२८मध्ये बर्लिनहून निघाला आणि इराण, हिंदुस्थान, सयाम करत, मधले समुद्र बोटीने ओलांडून पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. क्लेमचं पुढचं एल २५ सहाशेहून जास्त विकलं गेलं. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये परवान्याने ते बांधलं गेलं. एली बाइनहोर्न ही तरुणी १९३१मध्ये क्लेमच्याच विमानातून एकटी आफ्रिकेला गेली आणि त्याच वर्षाच्या शेवटी दुसरं क्लेम घेऊन पूर्वेकडे निघून ऑस्ट्रेलियापर्यंत पोहोचली. उघड्या खोबणीत बसून, लाकडी पंखांवर भरवसा ठेवून केलेल्या या प्रवासांना लष्करी तयारी म्हणणं मला पटत नाही.

क्लेमच्या जोडीला युंकर्सचं ए ५० युनियर ठेवा. १९२९मधलं हे धातूचं दोन आसनी विमान पाच हजार खपेल असा युंकर्सचा होरा होता. बांधली गेली एकोणसत्तर, आणि तीही सगळी खपली नाहीत. मंदी आली आणि गिऱ्हाईकच उरलं नाही. हा लष्कराचा छुपा डाव असता तर लष्कराने गुपचूप माल उचलला असता. इथे एक कारखानदार खऱ्याखुऱ्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर खोटीत गेला.

मग लष्कर छुपेपणाने काही करत नव्हतं का? करत होतं, आणि माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा तोच आहे. १९२५पासून १९३३पर्यंत रशियात लिपेट्स्कला जर्मन लष्कराची गुप्त उड्डाणशाळा चालत होती. तिथे त्यांनी क्लेम नेली नाहीत. हॉलंडकडून पन्नास फोकर डी १३ ही खरी लढाऊ विमानं विकत घेतली आणि बोटीने पाठवली. लढाईला काय लागतं हे लष्कराला चांगलं ठाऊक होतं, आणि ते बाजारातल्या क्रीडाविमानांत त्याला सापडलं नव्हतं.

हुगो युंकर्सला मी धुतल्या तांदळासारखा ठरवत नाही. लष्कराच्या छुप्या पाठिंब्यावर त्याने मॉस्कोजवळ फिलीला कारखाना काढला होता, तिथे लष्करी विमानं बांधली आणि त्यात तो चांगलाच बुडाला. पण १९३३मध्ये काय झालं ते पाहा. नव्या राजवटीने त्याला राजद्रोहाच्या खटल्याची धमकी दिली, पेटंटं लिहून घेतली, डेसाऊहून हाकललं, बव्हेरियात नजरकैदेत ठेवलं आणि कारखान्याची मालकी काढून घेतली. ३ फेब्रुवारी १९३५ला, आपल्या शहात्तराव्या वाढदिवशी, तो वारला. कारखाना आधीपासूनच युद्धाच्या कामाला जुंपलेला असता, तर तो हिसकावून घ्यायची गरजच काय होती?

राहता राहिली सीमारेषेवरची दोन विमानं. चार उतारूंचं हाइंकेल ७० हे देखणं, वेगवान विमान १ डिसेंबर १९३२ला प्रथम उडालं. स्विसएअरने अमेरिकन लॉकहीड ओरायन आणून जी आघाडी घेतली, तिला लुफ्त हान्साचं ते उत्तर होतं. पुढे त्याला स्पेनमध्ये टेहळणीला पाठवलं, तेव्हा ते फिकं पडलं. त्याची ठेवणच त्या कामाची नव्हती. मेसरश्मिट १०८ टायफून १९३४च्या आंतरराष्ट्रीय पर्यटन स्पर्धेसाठी बांधलेलं, टायफून हे नावही बाइनहोर्नचं. पण त्याच वर्षी त्याच कारखान्यात लढाऊ १०९चं काम सुरू झालं होतं आणि बांधणीतलं बरंचसं ज्ञान दोघांना सामाईक होतं. इथे मी प्रतिपक्षाशी वाद घालणार नाही. १९३४पासून जर्मनीतला कुठलाही विमान कारखाना राजवटीच्या हुकमाबाहेर नव्हता, आणि त्या वर्षानंतरच्या विमानांवर संशय घेणं रास्तच आहे.

माझी मागणी एवढीच आहे: महायुद्धाच्या पुस्तकात हाइंकेल १११च्या शेजारी एफ १३चं किंवा क्लेमचं छायाचित्र छापताना दोन्हींखाली पहिल्या उड्डाणाचं साल छापा, आणि एफ १३च्या ओळीत ते चार उतारूंसाठी आखलं होतं हेही लिहा.