उपदेशाने डास मरत नाहीत, डाळही शिजत नाही

पावसाळा आला की नगरपालिकांची पत्रके निघतात : आठवड्यातून एक दिवस 'कोरडा दिवस' पाळा, पिंपे रिकामी करा, घासून वाळवा. आहारतज्ज्ञांचा सल्ला बारमाही असतो : रोजच्या जेवणात डाळी-कडधान्ये वाढवा. दोन्ही उपदेश शास्त्रशुद्ध आहेत. तरीही त्यांच्या वापरात एक लबाडी दडलेली आहे आणि ती उघड करणे समाजवादी कार्यकर्त्याचे कर्तव्य ठरते. लबाडी शास्त्रज्ञांची नाही. शास्त्राचा सोयीचा तेवढाच भाग उचलणाऱ्या राज्यकर्त्यांची आहे.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालते आणि अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्याचा नियम योग्यच. लोकसहभागाची फलनिष्पत्तीही सिद्ध झालेली आहे. गुजरातेतील नडियाद तालुक्यात १९८३ पासून डॉ. व्ही. पी. शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डी.डी.टी.च्या फवाऱ्यावर विसंबण्याऐवजी खड्डे बुजवणे, पाण्यात गप्पी मासे सोडणे असे उपाय गावकऱ्यांना बरोबर घेऊन केले. निकाराग्वा आणि मेक्सिको येथील एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तेथे वस्तीतील पाहणीचे पुरावे लोकांपुढे मांडून उपाय त्यांनाच ठरवू दिले गेले. अशा वस्त्यांतील मुलांमध्ये डेंग्यूच्या संसर्गाचा धोका इतर वस्त्यांच्या तुलनेत सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळला. परंतु सरकारचा डासनियंत्रण कार्यक्रम दोन्हीकडील वस्त्यांत चालूच होता, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. लोकसहभाग ही सरकारी कामात पडलेली भर होती. सरकारने अंग काढून घेण्याची ती सबब नव्हती.

सरकारने काय प्रत्येकाच्या घरी येऊन पिंप धुवायचे, असा प्रश्न यावर विचारला जातो. मुळीच नाही. पिंप घरातील माणसे धुतील. पण ज्या वस्तीत नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही, तेथील बाई हौसेने पिंप भरून ठेवत नाही. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील माणसाला पिंप कोरडे ठेवा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? नळ कोरडा ठेवणाऱ्याला जाब नाही आणि पिंप ओले ठेवणाऱ्याला दंड, हा न्याय उफराटा आहे.

तेच लातूर तुरीची मोठी बाजारपेठ आहे, आणि डाळीची कथाही पाण्यासारखीच आहे. डाळीतील लायसीन हे अमिनो आम्ल धान्यात कमी असते. भात-वरण किंवा भाकरी-आमटी एकत्र आली म्हणजे प्रथिनांची ती उणीव भरून निघते. शिवाय लोह आहे, फोलेट आहे, मधुमेह्याला उपकारक असा चोथा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, त्या देशाला हे सांगणे आवश्यकच आहे. पण सांगणारे सरकार देते काय? १९६१ साली देशात दरडोई दररोज ६९ ग्रॅम डाळी उपलब्ध होत्या. २००१ साली ३० ग्रॅम उरल्या. पुढे आकडा काहीसा सावरला, तरी १९६१ ची पातळी परत गाठलेली नाही. हमीभावाचे आणि सरकारी खरेदीचे सारे बळ गहू-तांदळामागे उभे राहिले, त्याचे हे फळ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातही धान्याचा हक्क आहे, डाळीचा नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

बाजारावर सोडले की काय होते, तेही दिसले आहे. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली आणि गरिबाच्या ताटातून वरण उठले. दोनच वर्षांनी अमाप पीक आले, तेव्हा ५,०५० रुपयांचा जाहीर हमीभाव पदरात पडावा म्हणून महाराष्ट्रातील शेतकरी खरेदी केंद्रांपुढे रांगा लावून बसला. खाणारा नाडला, पिकवणाराही नाडला.

डाळ देणे अशक्य आहे असे म्हणावे, तर २००७ पासून तमिळनाडू शिधापत्रिकेवर स्वस्त तूरडाळ देत आला आहे. २०२० च्या महासाथीत केंद्रानेही काही महिने दर कुटुंबाला किलोभर डाळ किंवा हरभरा फुकट दिला. महाराष्ट्रात २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांच्या 'आनंदाच्या शिध्या'त किलोभर चणाडाळ होती. रक्त मात्र सणावारी तयार होत नाही; त्याला बारा महिने अन्न लागते.

म्हणून कार्यकर्त्यांनी कोरड्या दिवशी वस्तीत जरूर जावे, लोकांना पाण्यातील अळ्या दाखवाव्यात, पिंपे घासण्यास हातही लावावा. त्याच दिवशी नळाच्या वेळांची नोंदवही भरावी आणि ती घेऊन वस्तीसह पालिकेवर जावे. शिधावाटप दुकानापुढे डाळीची मागणी उभी करावी आणि हमीभावाने तूर खरेदीची मागणी तिला जोडावी. त्यामुळे शहरातील खाणारा आणि मराठवाड्यातील पिकवणारा एकाच मोर्चात येतील. आरोग्य हा हक्क आहे असे जे मानतात, त्यांनी पत्रके वाटून थांबता कामा नये.