‘आउट’ म्हणजे निघाला नव्हे!



मागे एकदा आमच्या शेजारचे एक गृहस्थ दवाखान्याचा कागद घेऊन आले. तोंड पार उतरलेले. सुनेचा खोकला तीन आठवडे हटेना, म्हणून तिला तालुक्याला तपासून आणले होते. कागदावर शेवटी इंग्रजीत लिहिले होते, ‘टीबी रूल्ड आउट’. शाळकरी नातवाने ते वाचले आणि सांगून टाकले, “टीबी आउट, म्हणजे टीबी निघाला!” परीक्षेचा पेपर आउट होतो ना, तसे त्याला वाटले. झाले! सुनेचे ताट वेगळे, अंथरूण वेगळे, तान्हे लेकरू आजीजवळ. चार दिवस त्या पोरीच्या डोळ्यांचे पाणी खळले नाही.

आणि कागद तर सांगत होता, टीबी नाही!

आता हा शब्द नीट समजून घेऊ. ‘रूल’ म्हणजे पट्टी धरून रेघ ओढणे. शाळेतला आपला रूळ याच घराण्यातला. ‘आउट’ म्हणजे बाहेर. यादीतल्या नावावर रेघ मारून ते बाद करावे, हा झाला शब्दशः अर्थ. व्यवहारात रेघ कोणी ओढत नाही. एखादी शक्यता तपासून बाद केली, की ‘रूल आउट’ केली म्हणतात.

पण एक मेख आहे. ‘रूल्ड आउट’ म्हणजे तपासले, तो रोग नाही. ‘टु रूल आउट’ म्हणजे तो रोग नाही ना, हे अजून तपासायचे आहे. पहिल्याने निश्चिंत व्हावे, दुसऱ्याने तपासणी चुकवू नये. हवामानाच्या इंग्रजी बातमीत पाऊस ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’ असे आले, तर पाऊस येणार नाही असे समजून खळ्यावरचे धान्य उघडे टाकू नका. पाऊस येऊही शकतो, असा त्याचा अर्थ.

जाता जाता आणखी एक. टीबी असता, तरी ताट वेगळे काढायचे कारण नव्हते. तो खोकल्यावाटे हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही. दोन आठवड्यांवर खोकला राहिला, तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत.

आणि कागद हाती पडला, की तिथेच डॉक्टरांना विचारा, “साहेब, मराठीत सांगा, रोग आहे की नाही?” विचारण्यात कमीपणा नाही. न विचारल्याने मात्र एका लेकराला चार दिवस आई दुरावली.